साखळी निवृत्त झाली, टिपण अजून नोकरीत आहे

१/
चांदूर बाजार तालुक्यात दोन वावरांमधल्या धुऱ्याचा वाद पेटला, की शेवटी मोजणीचा अर्ज होतो. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक येतो. त्याच्याजवळ उपग्रहांचे संकेत घेणारे यंत्र असते. ते यंत्र माणूस कुठे उभा आहे हे काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने सांगते. हद्द मूळची कुठे होती, हे मात्र उपग्रहाला ठाऊक नसते. त्यासाठी जुना कागद उघडावा लागतो आणि त्या कागदावरचे मूळ आकडे पुष्कळदा लोखंडी साखळीने मोजलेले असतात. रोजच्या मोजणीतून ती साखळी केव्हाच गेली. तिने आखलेली हद्द मात्र गेलेली नाही.

२/
नकाशे करणारी साधने निवृत्त होतात, ही गोष्ट आजच्या पिढीला संगणकामुळे परिचयाची आहे. एस्री या कंपनीच्या आर्कमॅपवर जगभरच्या कचेऱ्यांनी आणि विद्यापीठांनी वीसहून अधिक वर्षे नकाशे तयार केले. त्याची सेवा थांबवण्याची तारीख १ मार्च २०२६ ठरवण्यात आली. साधन बंद होताना त्याच्याभोवतीचा आधारही विरतो : वापराच्या पुस्तिका, नमुन्यादाखल दिलेले संगणकीय आदेश, रूपांतराची कोष्टके, अडल्यावर उत्तर देणारी माणसे. आजच्या परिभाषेत याला डेव्हलपर सपोर्ट म्हणतात. वऱ्हाडच्या भूमीवर हा प्रसंग दोन वेगवेगळ्या साधनांच्या बाबतीत याआधीच येऊन गेला आहे. त्या दोन निवृत्तींची ही हकिकत.

३/
पहिली हकिकत पृथ्वीचा आकार शोधणाऱ्या मोजणीची. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची, दूरच्या उंच ठिकाणांकडचे कोन थिओडोलाइटने घ्यायचे आणि उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या, अशी ही रीत होती. एका त्रिकोणाला दुसरा जोडत माळ उत्तरेकडे सरकत गेली. १८१८ पासून या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे असे नाव मिळाले. ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी या माळेची मुख्य शाखा 'ग्रेट आर्क' म्हणून प्रसिद्ध आहे.

४/
लॅम्बटनच्या पोलादी साखळीची कथा तिच्या कामाइतकीच विलक्षण आहे. शंभर फुटांची ही साखळी लॉर्ड मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनला गेली होती. तेथून ती हिंदुस्थानात आली आणि लॅम्बटनला मिळाली. त्रिकोणांची माळ वाढत वाढत वऱ्हाडात पोचली, तेव्हा लॅम्बटन वृद्ध झाला होता. त्याच्या हयातीच्या अखेरच्या टप्प्यात एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या मुलखात एक आधाररेषा मोजण्यात आली. इंग्रजी ग्रंथांत त्या ठिकाणाचे नाव 'ताकल खेरा' असे आढळते. पुढे नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला.

५/
त्याच्या मागे हे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. १८३० मध्ये त्याने १८ अंश ३ मिनिटे ते २४ अंश ७ मिनिटे या अक्षांशांमधील कंसाच्या मोजणीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिणेला दामरगिड्डा, उत्तरेला कल्याणपूर आणि मधोमध ताकल खेरा, अशी त्या कंसाची तीन मुख्य स्थाने आहेत. ताकल खेऱ्याचा अक्षांश सुमारे २१ अंश ६ मिनिटे. चांदूर बाजार २१ अंश १४ मिनिटांच्या जवळपास आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हाच काळ्या मातीचा सपाट पट्टा भारताच्या नकाशाशास्त्राचा एक पाया ठरला, ही गोष्ट या भागातही फारशी सांगितली जात नाही.

६/
या कंसावरून एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे गणित मांडले. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. तिचा नकाशा काढण्यासाठी तिच्याशी जुळणारा एक आदर्श लंबगोल मानावा लागतो. एव्हरेस्टने विषुववृत्ताजवळची त्रिज्या २,०९,२२,९३१.८० फूट धरली. हा लंबगोल 'एव्हरेस्ट १८३०' या नावाने ओळखला जातो. भारत, ब्रह्मदेश आणि आसपासच्या प्रदेशांचे नकाशे पिढ्यानपिढ्या त्यावर बेतले गेले. हे हातात धरण्याचे अवजार नव्हे. तरीही ते साधनच होते, कारण प्रत्येक अक्षांश आणि रेखांश त्याच्या आधाराने लिहिला जात असे.

७/
उपग्रहांच्या युगात या साधनाची निवृत्ती अटळ होती. एव्हरेस्टचा लंबगोल भारतीय उपखंडाशी चांगला जुळत असे, पण साऱ्या पृथ्वीसाठी तो नव्हता. उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चिती 'डब्ल्यूजीएस ८४' हा लंबगोल वापरते. त्याची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. भारताच्या २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे या जागतिक पद्धतीवर आणण्याचे ठरवले. दोन्ही पद्धतींत एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश वेगळे येतात. मध्य भारतात जुने आकडे रूपांतर न करता मोबाइलच्या नकाशावर टाकले, तर ती विहीर शंभर मीटरांहून अधिक अंतरावर सरकलेली दिसते.

८/
रूपांतर करायचे म्हटले, की खरी अडचण समोर येते. एव्हरेस्टची त्रिज्या फुटांत लिहिलेली आहे. तो फूट नेमका किती मीटरांचा? १९३७ च्या हिशेबात भारतीय फूट ०.३०४७९८४१ मीटर धरला गेला आणि त्रिज्या ६३,७७,२७६.३४५ मीटर आली. १९७५ च्या व्याख्येत फूट ०.३०४७९९५ मीटर धरला गेला आणि त्रिज्या ६३,७७,२९९.१५१ मीटर झाली. दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या स्थानावर पडलेला फरक पृथ्वीच्या त्रिज्येपर्यंत पोचताना सुमारे २३ मीटरांचा झाला. मूळ ग्रंथातला आकडा कोणीही बदलला नव्हता. बदलले होते ते त्याच्या शेजारचे रूपांतराचे कोष्टक.

९/
म्हणून 'हा नकाशा एव्हरेस्टवर आहे' एवढे सांगून भागत नाही. कोणता एव्हरेस्ट, हेही सांगावे लागते. ही नोंद टिकवण्याचे काम एका अनपेक्षित ठिकाणी झाले. तेलाच्या शोधासाठी देशोदेशीचे नकाशे जुळवावे लागत, म्हणून युरोपियन पेट्रोलियम सर्व्हे ग्रुपने जगभरच्या अशा पद्धतींची संकेतसूची तयार केली. तिच्यात 'कल्याणपूर १९३७' ला ४१४४ आणि 'कल्याणपूर १९७५' ला ४१४६ हे क्रमांक आहेत. आजचा संगणक चार अंकी क्रमांक पाहतो आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या मोजणीचा योग्य अर्थ लावतो. साधन गेले तरी त्याचा अर्थ सांगणारी नोंद राहिली. पहिल्या निवृत्तीत थोडक्यात निभावले ते त्यामुळे.

१०/
दुसरी हकिकत शेतकऱ्याच्या अधिक जवळची आहे. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांचे त्रिकोण शेकडो मैलांचे होते. त्यांतून टेकड्या, नद्या आणि शहरे जागेवर बसली, पण कोणाचे वावर कुठे संपते हे त्यांना सांगायचे नव्हते. ते काम महसुली मोजणीचे. तिची साधने वेगळी, माणसे वेगळी आणि कागदही वेगळे. गावाचा शेतवार नकाशा त्या गावापुरता पुरा असे. त्याच्यावर अक्षांश-रेखांश नसत. एकाच मुलखाचे हे दोन नकाशे दीर्घकाळ एकमेकांना न भेटता आपापल्या कपाटांत राहिले.

११/
साखळी येण्यापूर्वी जमीन काठीने मोजली जात असे. शिवकालीन व्यवस्थेत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर, हे परिमाण प्रसिद्ध आहे. मोगल अमलात दख्खनचा दिवाण मुर्शिद कुली खान याने सतराव्या शतकाच्या मध्यास मोजणी आणि पिकाचा अंदाज यांवर आधारलेली नवी घडी बसवली. हात कोणाचा आणि मूठ कोणाची, याचे उत्तर प्रांतागणिक बदलत असल्याने त्या काळचे बिघे आजच्या मापात आणणे अभ्यासकांना अवघड जाते. आकडे उरले. त्यांचे माप सांगणारी काठी मात्र हरपली.

१२/
इंग्रजी अमलातला पहिला प्रयत्नही फसला. मुंबई इलाख्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२० च्या दशकात दख्खनची मोजणी केली. जमिनीची प्रतवारी करण्याची त्याची रीत कागदावर सूक्ष्म होती. पण प्रत्यक्ष काम करणाऱ्यांवर देखरेख नव्हती, चुका आणि लबाडी साचत गेली आणि सारा अवाच्या सवा बसला. अनेक गावांतून शेतकरी जमीन टाकून निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. त्यांच्या अनुभवाचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्र झाले. मोजणी कशी करावी आणि ती तपासावी कशी, हे दोन्ही आता लिहिलेले होते.

१३/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. चांदूर बाजारचा परिसर तेव्हाच्या एलिचपूर भागात मोडत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला अचानक मोल आले होते, रेल्वे जवळ येत होती आणि जमिनीची किंमत वाढत होती. त्याच दशकात मुंबई पद्धतीची मोजणी वऱ्हाडात सुरू झाली. ही पद्धत इकडे आली ती नियम, नमुने आणि तपासणीची शिस्त यांच्यासकट. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर निशाण्या उभ्या राहिल्या आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवण्याची रीत रुळली.

१४/
या मोजणीचे मुख्य साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. तिचे १६ भाग आणि प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, अर्थात एक एकर. इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर याने सतराव्या शतकात रूढ केलेली साखळी ६६ फुटांची आणि १०० कड्यांची होती. मुंबईच्या साखळीने तिची लांबी निम्मी केली आणि विभागणी रुपया-आण्याच्या हिशेबात बसवली. सोळा आण्यांचा रुपया रोज मोजणाऱ्या माणसाला सोळा आण्यांची साखळी शिकवावी लागत नव्हती. हे साधन त्या काळच्या बाजाराच्या भाषेत बोलत होते.

१५/
साखळीच्या जोडीला शंकू असे. शेताच्या दोन टोकांमधून साखळीची सरळ रेषा टाकायची. हद्द जिथे वळते, त्या वळणासमोर येईपर्यंत रेषेवरून चालायचे, शंकूने काटकोन साधायचा आणि तेथून वळणापर्यंतचे अंतर मोजायचे. ही सारी अंतरे ज्या रेखाटनावर लिहिली जात, ते टिपण. टिपणावरची आकृती प्रमाणात काढलेली नसते. तिची रेघ लांब दिसते म्हणून शेत लांब ठरत नाही. अर्थ आकड्यांत असतो, आकृतीत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो टिपण पाहून फसतो.

१६/
टिपणाशेजारी इतर कागद उभे राहिले. आकृतीचे त्रिकोण आणि चौकोन पाडून क्षेत्र कसे काढले, त्याचे गणित गुणाकार बुकात. प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि आकारणी आकारबंदात. शेताचे तुकडे पडले तर फाळणीचे नकाशे. सगळ्या शेतांची मांडणी गावनकाशात, जिथे ८ इंचांना १ मैल ही एक रूढ मोजपट्टी होती. हे कागद म्हणजे या पद्धतीचा आधारग्रंथच. एखादा आकडा संशयास्पद वाटला, तर त्याचा माग काढत मूळ मोजणीपर्यंत जाता येत असे. चूक होणार, हे गृहीत धरून ती सापडण्याची सोय ठेवलेली होती. प्रिंगलच्या मोजणीला नेमकी तीच सोय नव्हती.

१७/
यानंतर कागदांचे मालक बदलत गेले. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश मध्य प्रदेशात गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९५४ चा मध्य प्रदेश जमीन महसूल कायदा आणि नंतरची १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, यांनी नमुने आणि नावे बदलली. प्रत्येक स्थित्यंतरात नोंदी नव्या रकान्यांत उतरवल्या गेल्या. उतरवताना क्षेत्राचा आकडा सहज पुढे जातो. तो कसा मिळाला, हे सांगणारा कागद मागेच राहण्याची भीती असते.

१८/
साखळीची निवृत्ती एका दिवसात झाली नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि आणा चलनातून जाऊ लागला. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मीटरचा मार्ग मोकळा केला होता. पुढील दशकांत महाराष्ट्राच्या भूमी अभिलेखांत एकर-गुंठ्यांऐवजी हेक्टर-आर लिहिले जाऊ लागले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे, की बोलताना गल्लत होते. मात्र ४० गुंठ्यांना ४० आर मानले, तर एका एकरात सुमारे ४७ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी होते. गावात आजही माणसे एकरानेच बोलतात, सातबारा मात्र हेक्टरने.

१९/
आण्याची समज गेल्यावर काय घडू शकते, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. टिपणावर एका बाजूची लांबी ७ साखळ्या १२ आणे लिहिलेली आहे असे समजा. बारा आणे म्हणजे पाऊण साखळी. म्हणून लांबी ७.७५ साखळ्या, अर्थात २५५.७५ फूट किंवा सुमारे ७७.९५ मीटर. दशमानाची सवय असलेल्या वाचकाने तेच ७.१२ असे वाचले, तर लांबी २३४.९६ फूट किंवा ७१.६२ मीटर भरते. फरक सहा मीटरांहून अधिक. शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर एवढा पट्टा सरकला, तर सहा आरांहून जास्त जमीन या हातातून त्या हातात जाते. वाचनातली एक चूक, आणि दोन भाऊबंदांचे बोलणे कायमचे बंद.

२०/
वऱ्हाडात धुरा हा शब्द केवळ मातीच्या उंचवट्याचा नाही. त्यावर बाभळी असतात, बैलांची वाट असते, कधी विहिरीचा पाट जातो. पण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उतारावरून वाहून जाते. नांगराच्या एका तासागणिक धुरा इंचा-इंचाने खचतो. हद्दीच्या निशाण्या बुजतात. चांदूर बाजार, मोर्शी, वरुड आणि अचलपूर हा संत्र्याचा पट्टा. येथे धुऱ्यालगतची एक ओळ म्हणजे अनेक वर्षे वाढवलेली झाडे. जमिनीवरची खूण जितकी पुसट होते, तितका टिपणातल्या आकड्यावरचा भार वाढतो.

२१/
आता मोजणी इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने आणि उपग्रह-आधारित रोव्हरने होते. या यंत्रांची अचूकता निर्विवाद आहे. तरीही ती अचूकता आजच्या स्थानाची असते. जुन्या साखळीची कडी वापराने ताणली जात आणि लांबलेली साखळी खऱ्यापेक्षा कमी अंतर दाखवत असे. म्हणूनच साखळी वरचेवर तपासण्याचा नियम होता. अशा आकड्यांना दशांशानंतर तीन स्थाने जोडली, तर ते दिसतात अचूक, होत नाहीत. चांगला भूकरमापक प्रथम जुन्या, न हललेल्या खुणा शोधतो : तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, जुना रस्ता. त्या खुणांवर टिपण बसवून पाहतो आणि मगच यंत्राचा आकडा मान्य करतो.

२२/
पहिल्या हकिकतीतला नकाशा आणि दुसऱ्या हकिकतीतला नकाशा येथे प्रथमच एकत्र येतात. अक्षांश-रेखांश नसलेला गावनकाशा संगणकावर उपग्रहाच्या चित्राशी जुळवायचा, तर दोन्ही निवृत्त साधनांचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. जुन्या स्थलदर्शक नकाशावरून बिंदू घेतला, तर कोणता एव्हरेस्ट हे माहीत हवे. गावनकाशावरून अंतर घेतले, तर कोणती साखळी हे माहीत हवे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार अंकी क्रमांकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी अनुभवी माणसांच्या सवयीत आहे. शंकू-साखळीचे टिपण झरझर वाचणारा कर्मचारी सेवानिवृत्त होतो, तेव्हा एक आधारग्रंथच कपाटातून कमी होतो.

२३/
या विषमतेत एक सामाजिक प्रश्नही दडलेला आहे. तेलकंपन्यांना जुन्या नकाशांची गरज होती, म्हणून लंबगोलांची सूची झाली आणि ती जगाला खुली झाली. शेतकऱ्याला टिपण वाचता यावे, ही गरज तितक्या ताकदीने कोणी मांडली नाही. मोजणीच्या वेळी बांधावर उभ्या असलेल्या दोन्ही पक्षांना समोरच्या कागदातले आकडे बहुधा समजत नाहीत. त्यांना निकाल समजतो, त्यामागचे गणित नाही. ज्याला गणित समजत नाही, त्याला निकाल योग्य असला तरी पटत नाही. मग अपील, फेरमोजणी, पुन्हा अपील असे चक्र सुरू होते. आधाराचे साहित्य हरवते, तेव्हा प्रथम विश्वास हरवतो.

२४/
आर्कमॅपसारखी साधने बंद होताना हाच धडा पुन्हा समोर येतो. त्यातील काम नव्या आर्कजीआयएस प्रोमध्ये नेता येते. पण कोणा कर्मचाऱ्याने जुन्या पद्धतीने लिहिलेले छोटे आदेश, पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत रचलेली रूपांतरे आणि 'हा थर अमुक नकाशावरून काढला' ही तोंडी माहिती आपोआप पुढे जात नाही. नकाशा उघडतो, रंगही तसेच दिसतात. तो कोणत्या परिमाणात, कोणत्या लंबगोलावर आणि कोणत्या मूळ कागदावरून आला, हे न लिहिल्यास पन्नास वर्षांनी त्याची अवस्था माप हरवलेल्या बिघ्यासारखी होईल.

२५/
साखळीच्या काळातल्या मोजणीदारांनी एक गोष्ट नीट केली : निष्कर्षाबरोबर त्याची रीतही लिहून ठेवली. त्यामुळेच दीडशे वर्षांनंतर टिपणाशी वाद घालता येतो, ते तपासता येते आणि त्यातली चूक दाखवता येते. जुना नकाशा हाती आला, तर अभ्यासकाने प्रथम मधले चित्र न पाहता त्याची कड वाचावी. तेथे मोजपट्टी असते, वर्ष असते, परिमाण असते, कधी तपासणाऱ्याची सही असते. त्या चार ओळी नकाशासोबत जपल्या जातील, तोवर तो नकाशा साक्ष देऊ शकतो. गावनकाशाची प्रत काढताना झेरॉक्सवाल्याकडून पुष्कळदा कापली जाते ती हीच कड.